लिहित्या माईची लिपी

"या वयात खिडकीतून ये-जा करायची म्हणजे काय थट्टा आहे?" रांगेत उभ्या काकू पुटपुटल्या. "डावा गुडघा आधीच रुसलेला. काल चौकटीत अशी अडकले की धड आत नाही, धड बाहेर नाही. शेवटी ह्यांनी मागून ढकललं."

"मग दारातून या ना," पुढे उभी असलेली चष्मेवाली म्हणाली, तितक्याच हळू.

"दारात माई बसल्यात. जाळं मोडलं म्हणजे?"

"म्हणजे काय होईल?"

काकूंनी गुडघा चोळला आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकल्या.

चष्मेवाली त्यांची शेजारीण. गावातल्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची, म्हणून सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. आज ती रांगेत होती ती सासूबाईंचा हात धरायला. सासूबाईंना पायरी नीट दिसत नव्हती, पण हे त्या कुणाला कबूल करत नव्हत्या.

त्या वर्षी बागांमधून कोळी फार झाले होते. घरातल्या कोपऱ्यातले काटकुळे, करडे कोळी नव्हेत. हे चांगले रुपयाएवढ्या पोटाचे, अंगावर पिवळे, काळे, चंदेरी पट्टे. एखाद्या हौशी बाईने लग्नाला जाण्यासाठी नटावं तसे. आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरलेले आणि डोकं खाली करून जाळ्याच्या मधोमध बैठक. जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी शिवण, घाईघाईत कुणी काहीतरी खरडून ठेवल्यासारखी.

एका घराच्या कुंपणावर अशी शिवण दिसली आणि त्याच दिवशी त्या घरच्या मुलीला नोकरी लागल्याचं कळलं. मुलीने अर्ज कधीचा केला होता, मुलाखतही होऊन गेली होती. पण त्यात सांगण्यासारखी गंमत काय? कोळ्याने लिहिलं आणि नोकरी लागली, ही गोष्ट कशी तोंडात घोळवावीशी वाटते. आठवड्याभरात कोळ्याची "लिहिती माई" झाली. ज्या बायका कालपर्यंत माईला केरसुणीने झोडपत होत्या, त्याच आता तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहू लागल्या. फाटकात जाळं असलं तर फाटक बंद. दारात असलं तर दार बंद. दूधवाला वाकून यायचा, पोस्टमन लांबूनच हाका मारायचा आणि अब्रूदार माणसं स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरत होती.

लिहिलेलं आहे म्हटल्यावर वाचणारा लागतोच. तो आला, आणि त्याने नावही बरोबर आणलं: सूत्रस्वामी. पूर्वी हाच गृहस्थ दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत फिरायचा. लोकांना ते आठवत होतं, आणि तोही लपवत नव्हता. "पाणी शुद्ध करता करता मन शुद्ध झालं," असं म्हणायचा. तेव्हा तो नळाच्या पाण्यात रोग दाखवायचा. आता इवल्याशा बाटलीत "माईचं दव" म्हणून जे द्यायचा, त्यात औषध दाखवत होता. नळ बहुधा तोच असावा.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्याची बैठक भरायची. विकल्या न गेलेल्या खुर्च्यांवर भक्त, विकल्या न गेलेल्या सोफ्यावर स्वामी. शेजारी भिंतीवर भला मोठा टीव्ही. प्रत्येकाने आपल्या घरच्या जाळ्याचा फोटो मोबाइलवर आणायचा. तो टीव्हीवर दिसला की स्वामी वाचणार. रांगेत एक हसऱ्या ताई पाण्याचे पेले घेऊन फिरायच्या. "दमलात ना? बसा. घरी कोण कोण असतं?" अशी त्यांची चौकशी. पेला रिकामा होईपर्यंत माणूसही रिकामा झालेला असायचा.

"जाळं म्हणजे काय?" स्वामी डोळे मिटून सांगत होते. "जाळं म्हणजे जाळं नव्हे. जाळं म्हणजे स्पंदन. आठ पाय, आठ दिशा, आठ प्रहर. माई लिहिते. मी वाचतो. मी कोण? मी नुसता चष्मा."

चष्मा म्हटल्यावर चष्मेवालीचे कान टवकारले. न तपासता चष्मा देणाऱ्यांवर तिचा भारी राग होता.

सासूबाईंची पाळी आली. त्यांच्या तुळईखालच्या जाळ्याचा फोटो टीव्हीवर झळकला. स्वामींनी बराच वेळ मान हलवली, जणू अक्षर जरा गिचमिड आहे.

"आजी, धाकटा निघालाय. पाण्यावर आहे अजून. वाट पाहा. आणि तो येईपर्यंत डोळ्यांत दवाशिवाय दुसरं काही घालू नका. औषधाचा दर्प माईला चालत नाही. रुसली तर वाट अर्धीच राहील."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी या आठवड्याची नवी बाटली घेतली. 

सासूबाईंना काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, सगळी भिस्त डाव्यावर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब रोज घातले तर आहे ती राखता येईल. ते थेंब माईने बंद करवले होते.

आणि धाकटा? धाकटा मालवाहू जहाजावर होता. एका वादळानंतर तो जहाजावर सापडला नाही. कंपनीने "बेपत्ता" असं कळवलं. ज्या शब्दात आशेची फट उघडी राहते, असा तो शब्द घरात राहायला आला आणि मुक्काम ठोकून बसला. इतकी वर्षं झाली, त्याच्या पुढचा शब्द कुणी उच्चारला नाही. थोरला, म्हणजे चष्मेवालीचा नवरा, धाकट्याचा मोबाइल नंबर अजून रिचार्ज करत होता. बंद पडू नये म्हणून. का बंद पडू नये, हे कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने सासूबाईंना फिरायला म्हणून बाहेर काढलं आणि दुकानात आणून खुर्चीवर बसवलं.

"कशाला तपासतेस? दवाने फरक पडलाय," सासूबाई म्हणाल्या. "लाव तुझा तक्ता. खालची ओळ वाचून दाखवते."

चष्मेवालीने उजवा डोळा झाकला. सासूबाईंनी खालची ओळ घडाघडा म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही.

म्हटली, हेच खरं. वाचणारा माणूस अडखळतो, डोळे बारीक करतो, एखादं अक्षर चुकतो. इतकं सरळ वाचतात ती फक्त पाठ केलेली माणसं. गाडीचा परवाना हवा असलेले ड्रायव्हर, चष्मा नको असलेली मुलं, आणि म्हातारपण लपवणारे म्हातारे. अशांसाठी दुकानात दुसरा तक्ता असतोच. चष्मेवालीने तो आवाज न करता बदलला.

"आता परत म्हणा बघू. तीच ओळ."

सासूबाईंनी तीच ओळ घडाघडा म्हटली. समोर ती ओळच नव्हती.

 चष्मेवालीने हातातला जुना तक्ता गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो घड्याळाकडे बघत राहिला. "राहू दे ना. तेवढाच आधार आहे तिला."

"आधार धरता धरता आंधळ्या होतील."

"मग काय सांगू तिला? काय सांगायचं ते तू सांग."

काय सांगायचं ते दोघांनाही माहीत होतं. तो उठला आणि नळ नीट बंद आहे का ते बघायला गेला. नळ बंदच होता.

चष्मेवालीला त्या रात्री एकच सुचत राहिलं: नुसतं खोटं म्हणून उपयोग नाही. खोटं म्हटल्याने कुणी तक्ता विसरत नाही. तक्ता बदलायला हवा.

दुकानामागच्या झुडपात तशीच एक नटवी कोळीण बसली होती. चष्मेवाली रोज तिच्याकडे बघू लागली. एखाद्या सकाळी जाळं जुनंच, फाटकं. एखाद्या सकाळी नवं कोरं. कधी शिवण वर, कधी खाली, कधी फुलीसारखी चारी बाजूंना, कधी मुळीच नाही. माई पत्र लिहीत असती, तर काही दिवस नुसतं कोरं पाकीट टाकत होती असं म्हणावं लागलं असतं.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे मास्तर वाचायचा चष्मा न्यायला आले, तेव्हा तिने विचारलं.

"जाळं खराब झालं की ती धागा गिळून टाकते आणि पुन्हा विणते," मास्तर म्हणाले. "त्या शिवणीचं म्हणाल तर तज्ज्ञांतही एकमत नाही. कुणी म्हणतं किडे त्याला भुलून येतात. कुणी म्हणतं पाखरांना जाळं दिसावं, त्यांनी ते मोडू नये म्हणून. कुणी म्हणतं लपायला."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"नक्की नाही माहीत. पण माहीत नाही म्हणून फी तर घेत नाही ना मी?"

चष्मेवाली हसली. मग तिने झुडपातल्या जाळ्याचा एक फोटो काढला, आणि मास्तरांना व काकूंना आपला बेत सांगितला. काकू आधी कचरल्या. पण आदल्याच दिवशी खिडकीतून येताना त्यांचा पदर कडीला अडकला होता आणि अर्ध्या आळीने बघितलं होतं, त्यामुळे त्या लवकर तयार झाल्या.

पुढच्या बैठकीला दुकान खचाखच भरलं होतं. सासूबाई पुढच्या खुर्चीत, थोरला त्यांच्याशेजारी. काकूंनी रांगेत पाण्याचा पेला घेतला आणि ताईंच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदका दिला. "हे गेले हो. छाती धरून बसले ते बसलेच." तो हुंदका ऐकून चष्मेवालीलाही क्षणभर खरं वाटलं.

काकूंचा फोटो टीव्हीवर आला. स्वामींचा चेहरा कनवाळू झाला.

"काकू, नागमोड उजवीकडे झुकलीय. म्हणजे पलीकडचा निरोप. यजमान म्हणतायत, मी सुखात आहे. छातीतली कळ आता थांबलीय. कपाटाच्या किल्ल्या जपून ठेव."

खुर्च्यांमधून हळहळ उमटली. काकूंनी पदराने तोंड झाकलं. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मागच्यांना कळलं नाही.

मग मास्तर. त्यांचा फोटो काकूंचाच, फक्त आरशात बघावा तसा उलटवलेला. मास्तरांनी ताईंना थोरल्या मुलीच्या लग्नाची काळजी सांगितली होती. मास्तरांना मूलबाळ नव्हतं.

"कन्येचा योग आहे," स्वामी म्हणाले. "नागमोड बघा, वरमाळेसारखी. स्थळ उत्तरेचं."

शेवटी चष्मेवाली. तिनेही तोच फोटो दिला, पण उभा उलटा करून. कोळ्याचं डोकं आता वर, पोट खाली. एखाद्याने वर्तमानपत्र उलटं धरावं आणि तरी मोठ्याने वाचत सुटावं, तसे स्वामी वाचू लागले.

"तुमचा धाकटा दीर. बोटीवरून उतरलाय. वाटेला लागलाय. मी सांगितलं होतं आजींना."

"स्वामी, जरा थांबा," चष्मेवाली म्हणाली. "हा फोटो आमच्या घरचा नाही. दुकानामागच्या झुडपातला आहे. काकूंचाही हाच होता. मास्तरांचाही हाच, आरशातला. आणि आत्ता तुम्ही वाचलात तो उलटा होता. ही बया नेहमी डोकं खाली करून बसते. तुमच्या माईचं डोकं कुठे आणि पाय कुठे, एवढं तरी वाचणाऱ्याला कळायला हवं."

 स्वामी हसले, अगदी क्षमाशील हसले.

"सुनबाई, सूर्य एकच. पण कुणाला ऊन लागतं, कुणाचे कपडे वाळतात. माई एक, संदेश अनेक. जो जसा प्रश्न आणतो, तसं अक्षर उमटतं. उलट-सुलट आपल्या नजरेला. माईला काय?"

आणि माना डोलू लागल्या. खरंच डोलू लागल्या. चष्मेवालीने इतका खटाटोप करून बदललेला तक्ता स्वामींनी एका वाक्यात पाठ करून टाकला होता.

तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून एक ढेरपोटे गृहस्थ उठले. काकूंचे यजमान.

"मला एवढंच सांगायचंय," ते म्हणाले, "मी सुखात आहे हे खरं. पण छातीत कधी दुखलं नाही. आणि कपाटाच्या किल्ल्या हिने मला जन्मात हाताळू दिलेल्या नाहीत. त्या जपून ठेव असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळं दुकान हसलं. काकू तर खुर्चीची पाठ धरून हसल्या. इतके दिवस हात जोडून बसलेली माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती.

"मी गेलो हे हिने कुणाला सांगितलं? फक्त पाणी देणाऱ्या ताईंना," काका म्हणाले. "मग ते कोळ्याला कुणी कळवलं?"

सगळ्या माना ताईंकडे वळल्या. ताईंनी पेल्यांचा ट्रे खाली ठेवला. "मला तर रोजावर ठेवलंय," त्या म्हणाल्या. "ऐकायचं आणि फोनवर कळवायचं, एवढंच काम. बाकीचं ते बघतात."

स्वामींनी आपला फोन उपडा ठेवला.

"आता ऐका," चष्मेवाली म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. "कोळी लिहीत नाही. तो पोटासाठी जाळं विणतो. फोनवरून आलेलं हा माणूस वाचतो, आणि तुम्ही दिलेलंच तुम्हाला परत करतो, वर थोडं गोड घालून. दारातून जा-ये करा. आजारी असाल तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी काही वाचून दाखवलं की एकदा तक्ता बदलून बघा. तेवढंच मागते मी. माझी काही फी नाही."

काही जण उठू लागले. स्वामींनी ते पाहिलं, आणि मग तो डाव टाकला जो त्यांनी शेवटी राखून ठेवला असावा. ते चष्मेवालीकडे नाही, सासूबाईंकडे वळले.

"ठीक आहे. मी खोटा. मग सुनबाईंना विचारा, त्यांचं काय म्हणणं आहे. तो मुलगा येणार नाही असं म्हणायचंय का त्यांना? बोला ना, सुनबाई. आईसमोर बोला. तुमच्याकडे तर सगळं तपासलेलं आहे."

 चष्मेवालीने थोरल्याकडे बघितलं. तो चपलेच्या टोकाकडे बघत होता. उठू पाहणारे परत बसले. चष्मेवालीला तेव्हा लख्ख कळलं की या माणसाचा धंदा कोळ्यावर चालत नव्हता, दवावर नाही, ताईंवरही नाही. तो चालत होता त्या एका वाक्यावर, जे तिच्या घरात कुणी बोलत नव्हतं. बहुतेक इथल्या प्रत्येक खुर्चीवर तसं एकेक वाक्य बसलेलं होतं.

सासूबाई खुर्चीचा हात चाचपत उभ्या राहिल्या.

"तिला कशाला विचारता?" त्या म्हणाल्या. "आई मी आहे."

"बसा आजी, तुम्ही..."

"मी बसले होते. पुष्कळ बसले." त्यांनी दवाची बाटली सोफ्याच्या दिशेने पुढे केली. स्वामी उजव्या हाताला होते, बाटली डावीकडे गेली. सगळ्यांनी ते पाहिलं. "तुम्ही खोटे आहात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हातारी आहे, बावळट नाही."

"मग आई, येत का होतीस इथे?" थोरल्याचा आवाज फुटला.

"घरी त्याचा विषय निघाला की तू नळ बघायला जातोस. ही भांडी घासायला घेते. शेजारणी हवापाण्याचं बोलतात. इथे निदान कुणीतरी त्याच्याबद्दल चार शब्द बोलत होतं. खोटे तर खोटे." त्या थांबल्या. हात हवेत सुनेचा हात शोधत होता, चष्मेवालीने तो पुढे केला. "त्या चार शब्दांसाठी मी डोळा घालवायला निघाले. ते चुकलं माझं. उद्या मला डॉक्टरकडे ने. जेवढं दिसतंय तेवढं मला हवंय."

"नेते, आई."

"आणि तू पण ऐक रे, थोरल्या. कुणीच म्हणत नाही म्हणून मीच म्हणते." त्यांनी मान वर केली. "माझा मुलगा बेपत्ता नाही. माझा मुलगा त्या वादळात बुडून मेला."